वाचकांचे प्रश्न : सुईणीचा हात आणि ओला चुना

गेल्या अंकात मी मिलानच्या कॅथेड्रलच्या संगमरवराबद्दल दोन पानं लिहिली आणि शेवटी जाता जाता एका चिमुकल्या चर्चबद्दल चार ओळी टाकल्या. उत्तर इटलीत कास्तेलसेप्रियो इथे एक ओबडधोबड चर्च आहे आणि त्याच्या भिंतीत हजारएक वर्षांपूर्वीची चित्रं १९४४ पर्यंत कुणाला माहीत नव्हती, एवढंच. दोन पानांवर एकही पत्र आलं नाही, त्या चार ओळींवर मात्र ढीग आला. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्या चर्चला दिलं आहे.

तुम्ही लिहिलंत की हे चर्च किल्ल्यात आहे. पण त्याचं नाव 'सांता मारिया फोरिस पोर्तास'. लॅटिनमध्ये 'फोरिस पोर्तास' म्हणजे दरवाजांबाहेर ना? मग आत की बाहेर?

चूक माझी. बाहेर. नावातच पत्ता दिलेला असताना मी तो चुकवला, याला काय म्हणावं!

मिलानच्या वायव्येला, वारेसे प्रांतात, ओलोना नदीच्या खोऱ्यावर एक पठार आहे. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात तिथे तटबंदी उभी राहिली. पुढे गॉथ आले, बायझंटाइन म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याचे लोक आले, मग लोंगोबार्ड ही जर्मानिक टोळी आली. तटाच्या आत वस्ती होती, मोठं चर्च होतं, शेजारी अष्टकोनी बाप्तिस्मागृह होतं. आज त्यांचे गुडघाभर, कंबरभर उंचीचे अवशेष उरलेत. आपलं चर्च तटाच्या बाहेर, झाडीत एकटं आहे.

आतलं सगळं पडलं आणि बाहेरचं राहिलं, याला कारण आहे. १२८७ मध्ये मिलानचा आर्चबिशप ओत्तोने विस्कोंती याने हे ठाणं शत्रूपक्षाकडून, म्हणजे देल्ला तोर्रे घराण्याकडून, जिंकून घेतलं आणि जमीनदोस्त केलं. पुन्हा इथे कुणी राहायचं नाही, असा हुकूमही काढला. स्वतः धर्मगुरूच असल्यामुळे चर्चना मात्र हात लावला नाही. माणसं गेली, घरं गेली, देवाची घरं राहिली. आतलं मोठं चर्चही पुढे हळूहळू ढासळलं. हे बाहेरचं छोटं कसंबसं तगलं.

ही चित्रं सापडली कशी? महायुद्ध चालू असताना कोणाला हे सुचलं?

ज्याला सुचलं तो चित्रकलेचा माणूसच नव्हता. जान पिएरो बोन्येत्ती हे कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक. लोंगोबार्डांचे कायदे, जमिनींचे हक्क, जुने दस्तऐवज हा त्यांचा विषय. कास्तेलसेप्रियो त्यांना कागदपत्रांतून माहीत होतं. १९४४ च्या मे महिन्यात, मिलान बॉम्बहल्ल्यांनी भाजून निघालं असताना आणि उत्तर इटली जर्मनांच्या ताब्यात असताना, ते या चर्चच्या मुख्य अर्धगोलातल्या, म्हणजे वेदीमागच्या गोल भिंतीवरच्या, नंतरच्या काळातल्या गिलाव्याकडे बघत होते. त्यांनी तो थोडा खरवडला आणि खाली रंग दिसला.

मी भित्तिचित्रं जपण्याच्या कामात अठरा वर्षं काढली, त्यामुळे 'खरवडला' हा शब्द लिहितानाच माझ्या पोटात गोळा येतो. आज असं कुणी केलं तर आम्ही त्याला भिंतीपासून दहा हात लांब उभा करू. आधी गिलाव्याला बोटाच्या पेरांनी टकटक करून आवाज ऐकायचा, पोकळ कुठे आणि घट्ट कुठे ते खडूने मांडायचं, मग तळहाताएवढी खिडकी उघडायची, असा आमचा रिवाज. पण बोन्येत्तींना दोष देववत नाही. त्या वर्षी उद्याचा भरवसा कोणालाच नव्हता.

चर्चच्या इमारतीबद्दल सांगा. फोटोत तर ते गोठ्यासारखं दिसतं.

दिसतं खरं. नदीतले गोल गोटे, चुना, मधूनच कुठूनतरी उचलून आणलेल्या रोमन विटा आणि वर कौलारू छप्पर. शिल्प नाही, नक्षीदार दरवाजा नाही.

पण त्याचा आराखडा कागदावर काढून बघा. मधे एक साधं लांबट दालन. पश्चिमेला, दाराच्या बाजूला, ओसरीसारखी एक खोली. आणि उरलेल्या तिन्ही दिशांना, म्हणजे उत्तर, पूर्व आणि दक्षिणेला, एकेक अर्धगोल. चर्चच्या टोकाला वेदीमागे जो अर्धगोल असतो त्याला इटालियनमध्ये 'आब्सिदे' म्हणतात. तो पूर्वेला एक असणं नेहमीचं, किंवा पूर्वेलाच ओळीने तीन असणंही पुष्कळ ठिकाणी दिसतं. तीन दिशांना तीन, तिपानी गवतासारखे, हे खेड्यातल्या चर्चला शोभणारं काम नाही. हे अर्धगोल नुसते अर्धेही नाहीत. घोड्याच्या नालेसारखे किंचित आत वळतात, आणि बाहेरून त्यांना दगडी टेकू दिलेत. गोट्यांच्या भिंतीत असा वळणदार आकार ओळंब्यात उभा करणं म्हणजे गवंड्याची परीक्षाच. कापीव दगड एकमेकांवर बसतो, गोटा घसरतो. सगळी भिस्त चुन्यावर.

जमिनीचाही एक तुकडा उरला आहे, काळ्यापांढऱ्या दगडी फरशांचा. षटकोन कापून जुळवलेले. बाहेरून गोठा आणि आत अशी फरशी! इथे पैसा ओतणारा माणूस साधासुधा नव्हता. तो कोण, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

फ्रेस्को म्हणजे नेमकं काय? मी भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला फ्रेस्को म्हणत आले. आणि इतकी वर्षं गिलाव्याखाली गाडलेला रंग टिकतो कसा?

या प्रश्नाची मी वाट बघत होते, तेव्हा थोडं सैल बसा.

'फ्रेस्को' म्हणजे ताजं. ताजा काय, तर चुना. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजला की त्यातला कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा सोडतो, फुटतो आणि लोण्यासारखा होतो. असा विरवलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली महिनोन्‌महिने मुरवतात, जितका जुना तितका चांगला. मग त्यात वाळू मिसळून भिंतीवर गिलावा करायचा. आधी जाड, खरखरीत थर. त्यावर पातळ, गुळगुळीत थर, आणि तो ओला आहे तोवर रंगवायचं. रंगात डिंक नाही, सरस नाही, अंडं नाही. नुसती माती दळून पाण्यात कालवलेली.

मग रंग चिकटतो कशाने? भट्टीत जो कर्बवायू गेला तो गिलावा सुकताना हवेतून परत घेतो. चुना पुन्हा दगड व्हायला लागतो आणि पृष्ठभागावर स्फटिकांची एक पारदर्शक साय धरतो. रंगाचे कण त्या सायीत अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीतच राहतो. सुकलेल्या भिंतीवर सरसाने किंवा अंड्याने रंगवलं तर ते भित्तिचित्र खरं, पण फ्रेस्को नव्हे. इटालियनमध्ये त्याला 'आ सेक्को', कोरड्यावर, म्हणतात. ते आधी पोपडून निघतं. पादुआला स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास मेरीची वस्त्रं निळी रंगवली. तो निळा तांब्याच्या खनिजाचा, ओल्या चुन्यात बिघडणारा, म्हणून कोरड्यावर लावलेला. आज कित्येक ठिकाणी मेरीचा चेहरा शाबूत आहे आणि अंगावरचा निळा झडून गेला आहे.

ओल्या चुन्याची मुदत काही तासांची. हवा दमट असेल तर जास्त, वारा सुटला तर कमी. भिंत खूण देते. आधी ब्रश लोण्यावरून फिरावा तसा फिरतो, मग एका क्षणी ओढला जायला लागतो, भिंत तहानलेली होते, रंग शोषून घेते. तिथे थांबायचं. शिकत असताना मी एकदा थांबले नाही. सरावाची एक पाटी होती, हातभर लांबरुंद. गिलावा केला, मैत्रिणीशी गप्पा मारत कॉफी प्यायला गेले, परत येऊन रंगवलं आणि झकास जमलं म्हणून खूशही झाले. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी पाटीवरून तर्जनी फिरवली आणि ते लालभडक झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोलल्या काहीच नाहीत. साय आधीच धरली होती, माझा रंग वर पिठासारखा पडून होता.

आता कास्तेलसेप्रियोच्या भिंतीकडे या. तिथला चित्रकार घाईत आहे, पण गोंधळलेला नाही. कापडाची चुणी एका गडद फटकाऱ्यात, तिच्या कडेला पांढऱ्याचा एक झटका, झालं. पुन्हा त्यावर हात नाही. गाढवाची मान, देवदूताचं पंख, दूरची इमारत, सगळं लिहिल्यासारखं आलंय. रंग बहुतेक मातीचे. पिवळी माती, गेरू, हिरवट माती, कोळशाचा काळा, चुन्याचा पांढरा. ओल्यात तग धरतात तेच. पुढच्या काळात, विशेषतः जोत्तोच्या पिढीपासून, चित्रकार एका दिवसात होईल तेवढाच तुकडा गिलावा करायचे, त्याला 'जोर्नाता' म्हणतात, आणि सांधे मोजून कामाचे दिवसही मोजता येतात. त्याच्या आधी परांचीच्या एका टप्प्यावरून हात पोचेल तेवढा आडवा पट्टा एकदम गिलावा करायची पद्धत. पट्टा मोठा, वेळ तेवढाच. हात आपोआप सुटतो.

आणि गाडल्याने चित्र मरत नाही, उलट मेणबत्त्यांचा धूर, ऊन, हात पुसणारे भाविक यांच्यापासून वाचतं. त्याचे वैरी दुसरेच. एक म्हणजे लोणा. पायातून ओल चढते, बरोबर क्षार आणते, पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक फुगतात आणि रंगाची साय आतून उचकटतात. म्हणूनच बहुतेक जुन्या चर्चमध्ये चित्रांचे पाय गेलेले असतात आणि डोकी शिल्लक असतात. दुसरा वैरी गवंडी. नवा गिलावा जुन्यावर धरावा म्हणून तो जुनी भिंत टाचून घेतो, टोकदार हातोडीने खड्डे पाडून. चित्राच्या तोंडावर देवीचे व्रण असावेत तसे पांढरे ठिपके दिसले की समजायचं, इथे वर कधीतरी नवा थर चढला होता.

चित्रांत मेरी कसलंसं पाणी पिते आहे, असं वाचलं. बायबलमध्ये तर असं काही नाही!

नाही, बरोबर. ही गोष्ट बायबलात घेतलेल्या चार शुभवर्तमानांमधली नाही. याकोबाच्या नावावर चालणारं एक जुनं पुस्तक आहे, दुसऱ्या शतकातलं. त्यात येशूच्या जन्माआधीचा मेरीचा सगळा वृत्तांत येतो. चर्चने ते बायबलात घेतलं नाही, पण लोकांनी आणि चित्रकारांनी सोडलंही नाही. मूळ ग्रंथात जागा न मिळालेली आणि तरी घराघरांत सांगितली जाणारी कथा असते, तसंच हे.

त्यात असं आहे: लग्नाआधी मेरीला दिवस गेलेत हे उघडकीला येतं. पुरोहित जोसेफला आणि तिला परीक्षेचं पाणी प्यायला लावतो. खोटं बोलणाऱ्याच्या अंगावर ते पाप उमटवणार. दोघंही पितात, दोघांनाही काही होत नाही. कास्तेलसेप्रियोत हा प्रसंग वरच्या पट्ट्यात आहे. त्याआधी देवदूताचा निरोप. तिथे मेरी सूत कातत बसलेली, आणि बाजूला एक दासी, हात वर करून, 'अगंबाई' म्हणावं तशी. देवदूताला ही दासी दिसत नाहीशी वाटते, पण ती नसती तर त्या दृश्याला घर कुठलं! पुढे जोसेफचं स्वप्न आणि बेथलेहेमचा प्रवास. मेरी गाढवावर, मान वळवून जोसेफशी बोलल्यासारखी. सगळ्या भिंतीत मला हे गाढव सगळ्यात आवडतं. थकलेल्या प्राण्याची चाल ब्रशाने पकडायला निरीक्षण लागतं, भक्तीचं काम नव्हे ते.

आणि खालच्या पट्ट्यात जन्म. मेरी अंथरुणावर पहुडलेली आणि तिच्यापाशी एक बाई हात पुढे करून. ही शंका घेणारी सुईण. कुमारीला मूल होईल यावर तिचा विश्वास बसत नाही, ती स्वतः तपासून बघायला जाते आणि तिचा हात जागच्या जागी वाळतो. नंतर बाळाला उचलून घेताच बरा होतो. चित्रात हात लुळा पडला आहे. मनगटापासून लोंबतो. दुसऱ्या चित्रकाराने इथे किंकाळी काढली असती. याने नुसता हात काढला.

तिच्याजवळ लॅटिन अक्षरांत 'एमेआ' असं लिहिलं आहे. सुरुवातीला वाटतं, हे तिचं नाव असेल. ते नाव नाही. ग्रीकमध्ये सुईणीला 'माइया' म्हणतात, आणि आधी लागणारं उपपद धरून उच्चार होतो 'ए मेआ'. ग्रीक शब्द ऐकला तसा लॅटिन लिपीत उतरवला. म्हणजे लिहिणाऱ्याच्या कानावर ग्रीक होतं, हातात लॅटिन. मिलानजवळच्या पठारावर, गोट्यांच्या भिंतीत, पूर्वेकडून आलेला किंवा पूर्वेकडच्या माणसाच्या हाताखाली शिकलेला कोणीतरी उभा होता. चित्रांची शैली बायझंटाइन वळणाची आहे हे सगळेच मानतात, पण माझ्यासाठी खरा पुरावा ही अक्षरं.

वाचलं त्या प्रत्येक ठिकाणी चित्रांचं शतक वेगळं! सातवं, नववं, दहावं. खरं काय?

बोन्येत्तींनी सातवं म्हटलं. त्यांचा तर्क त्यांच्या विषयातून आलेला. लोंगोबार्डांपैकी बरेच एरियन पंथाचे, म्हणजे येशू पित्याच्या बरोबरीचा देव आहे हे न मानणारे. त्यांना ठणकावून सांगायला ही चित्रं काढली असणार, असं ते म्हणत. बघा, पाण्याची परीक्षा, सुईणीचा हात, सगळे पुरावे एकाच मुद्द्याचे, की हे मूल साधं नाही. युक्तिवाद देखणा आहे. फक्त तो चित्रांच्या विषयावर उभा आहे आणि विषय कुठल्याही शतकात रंगवता येतो.

१९५१ मध्ये कुर्ट वाइट्समान या अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलच्या दहाव्या शतकातल्या सचित्र हस्तलिखितांशी ही चित्रं ताडून बघितली आणि दहावं शतक सांगितलं. त्यावरून विद्वानांमध्ये जी जुंपली ती अजून पुरती थंडावलेली नाही.

पण एक गोष्ट अशी, की तिच्यापुढे कोणाचीच शैली चालत नाही. चित्रांवर कोणीतरी टोकदार वस्तूने ओरखडून लिहिलंय. त्या लिखाणात आर्चबिशप आर्देरिकोचं नाव येतं, एका पुरोहिताच्या दीक्षेच्या संदर्भात. आर्देरिको मिलानच्या गादीवर ९३६ ते ९४८ पर्यंत होता. म्हणजे उशिरात उशिरा तोवर ही चित्रं भिंतीवर होती. चित्राच्या आधी ओरखडा येत नाही.

इथे काहींना शंका येते, की लिहिणाऱ्याने गिलावा ओला असतानाच लिहिलं नसेल कशावरून. ते भिंगाखाली कळतं. ओल्या चुन्यात काडी ओढली तर चर गोलसर होते आणि तिच्या दोन्ही काठांना मऊ वरंबे उठतात. सुकलेल्यात ओढली तर काठ तुटके, कुरतडल्यासारखे, आणि रंगाचा कपचा उडालेला. भिंतीचं वाचन असं कडांवरून करतात, चित्राच्या मधोमध बघून कळत नाही.

पुढे इमारतीच्या लाकडाची आणि भाजलेल्या मातीच्या तुकड्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. ते आकडे ढोबळमानाने नवव्या शतकाच्या आसपास जातात, आणि आज पुष्कळांचा कलही तिकडेच आहे. माझाही. तरी एक लक्षात ठेवा: तुळई कापली त्या वर्षीच वापरली असं नाही, कारण पडक्या घराची तुळई नव्या घराला लावणं हा कंजूष आणि शहाण्या दोन्ही गवंड्यांचा जुना धंदा.

पवित्र चित्रावर नाव खरवडणाऱ्याला लाज नाही वाटली?

मलाही पहिल्यांदा संताप आला होता. पण त्या काळी पर्यटकाने नाव कोरण्यातला हा प्रकार नाही. चर्चची भिंत ही जवळजवळ नोंदवही होती. कोणाला दीक्षा मिळाली, कोण वारलं, तिथे लिहिलं की ते संतांच्या साक्षीने लिहिलं. कागद महाग, भिंत फुकट. आणि तो ओरखडा नसता तर मघाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. आज कोणी केलं तर मात्र पोलिसांत द्यायचं. इटलीत तो गुन्हा आहे.

हे युनेस्कोच्या यादीत लोंगोबार्ड म्हणून आहे ना? मग वाद कसला?

२०११ मध्ये 'इटलीतील लोंगोबार्ड, सत्तेची स्थानं' या नावाने सात ठिकाणं एकत्र नोंदवली गेली. कास्तेलसेप्रियो आणि खालचं तोर्बा मिळून त्यातलं एक. त्या नोंदीचा कालखंड ५६८ ते ७७४. चित्रं नवव्या शतकातली धरली तर लोंगोबार्ड राज्य संपल्यावरची ठरतात. यादी ठिकाणाची आहे, चित्राच्या जन्मतारखेची नाही, एवढंच. पाटी वाचा आणि पुढे चला.

तोर्बा चुकवू नका. टेकडीच्या पायथ्याशी तटाचा एक मनोरा आहे, सैनिकी. पुढे तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, राहायला आल्या आणि त्यांनी तो आतून रंगवला. वरच्या मजल्यावर जोगिणींची एक रांग आहे, चेहरे झडलेले, कपडे शाबूत. एका मजल्यावर आलिबेर्गा नावाची एक बाई आहे, नाव लिहिलेली. ही जागा १९७७ मध्ये इटलीच्या वारसा जपणाऱ्या 'फाय' या संस्थेकडे आली, त्याआधी तिचा शेतघरासारखा वापर होता.

असंच आणखी एखादं छोटं चर्च सांगाल का? गर्दीची नकोत.

कास्तेलसेप्रियोपासून फार लांब नाही, कांतू गावाजवळ गाल्लियानो इथे सान व्हिन्चेन्झो. १००७ मध्ये आरिबेर्तो नावाच्या धर्मगुरूने त्याचं प्रतिष्ठापन केलं. तोच पुढे मिलानचा आर्चबिशप झाला. हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरलेलं त्याचं चित्र भिंतीवरून काढून मिलानच्या आम्ब्रोझियाना संग्रहालयात ठेवलंय. एकोणिसाव्या शतकात या चर्चमध्ये शेतकरी राहत होते, चित्रांसमोर चूल पेटत असे. तरी उरलंय ते बघण्यासारखं आहे.

दक्षिणेकडे जाणार असाल तर आब्रुत्सोच्या डोंगरात बोमिनाको. तिथलं सान पेल्लेग्रिनो म्हणजे टोकदार कमानीच्या छताची एक लांब खोली, आणि जमिनीपासून छतापर्यंत एक वीतही कोरी नाही. १२६३ मध्ये तेओदिनो नावाच्या मठाधिपतीने तिचा जीर्णोद्धार केला. भिंतीवर महिन्यांचं रंगवलेलं पंचांगही आहे, सणवारांसकट. तिथे मान दुखते, आधीच सांगून ठेवते.

मला कास्तेलसेप्रियोत दहाच मिनिटं मिळणार आहेत, सहलीच्या बसमुळे. काय बघू?

बसवाल्याशी भांडा. ते जमलं नाही तर असं करा.

आत शिरल्यावर लगेच चित्रांकडे जाऊ नका. डोळे अंधाराला सरावू द्या, तेवढ्यात काळीपांढरी फरशी बघून घ्या. मग मुख्य अर्धगोलाकडे. फ्लॅश मारू नका, त्याने सगळं सपाट दिसतं. भिंतीच्या कडेने, तिरपं, नजर भिंतीला घासून जाईल असं बघा, म्हणजे गिलाव्याचे उंचवटे, टाचे, ओरखडे वर येतात. मग जितकं आत जाऊ देतील तितकं जा आणि वेदीकडे पाठ करा. कमानीची आतली बाजू दिसेल. मधे रिकामं सिंहासन, त्यावर क्रूस आणि मुकुट, दोन्हीकडून उडत येणारे देवदूत. दालनात उभ्या असलेल्या भाविकांना हे दिसतच नाही, वेदीशी उभा राहून मागे वळणाऱ्या पुरोहितासाठी ते रंगवलेलं आहे. निम्मे प्रवासी मागे न वळताच निघून जातात.

उरलेली चार मिनिटं सुईणीला द्या. तिचा तो लोंबणारा हात किती फटकाऱ्यांत काढलाय ते मोजा आणि मला कळवा. माझा आकडा दर खेपेला वेगळा येतो. गेल्या खेपेला सात आला होता.